कार्डाला पाडलेलं भोक

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिला भोक पडायचं. हळदकुंकू वगैरे नंतर, तेही मायला आठवलं तर. चाकू असो, टॉर्च असो, तंबाखूची डबी असो, माझा बा ती वस्तू उलटीपालटी करून बघायचा, दाभण चुलीत तापवायचा, आणि कुठं ना कुठं भोक पाडून त्यात जाळ्याची दोरी ओवायचा. आम्ही ढिवर. बाचं आयुष्य वैनगंगेत डोंग्यावर गेलं. डोंग्यात जे बांधलेलं नसतं ते कधी तरी पाण्यात जातं, आणि पाण्यात गेलेलं वैनगंगा काही परत आणून देत नाही. म्हणून बांधायचं. इतकी साधी गोष्ट होती. पण बा ही रीत घरातही चालवायचा आणि तिथं आमची पंचाईत व्हायची.

माझ्या पाटीच्या चौकटीला भोक होतं. कंपासपेटीला होतं. दहावीचं हॉल तिकीट मी कोरं करकरीत घरी आणलं, तर सकाळी त्याच्या कोपऱ्यात भोक आणि भोकात निळी नायलॉनची दोरी. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बा शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "आता हरपून दाखव." माझे कानसुद्धा त्यानंच टोचले होते, बाभळीच्या काट्यानं. माय म्हणते, नशीब समज, तिथं दोरी नाही ओवली त्यानं.

पुढं गोसीखुर्दचं धरण भरलं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. नवं गाव मिळालं ते डांबरी रस्त्याला लागून, सरळ रेषेत आखलेलं, ओळीनं विजेचे खांब असलेलं. नदी तेवढी मिळाली नाही. ढिवरांनी नदीपासून इतक्या दूर राहून करायचं काय, हे मला अजून कळलेलं नाही. बाला ते कळण्याची गरज वाटली नाही. तो रोज सकाळी सायकल काढायचा आणि पाण्यावर जायचा. पवनीच्या रस्त्यावर एक फाटा लागतो, तिथून पायवाटेनं खाली उतरलं की धरणाच्या फुगवट्याचा काठ. त्या फाट्यावरच्या बसथांब्याला अजून आमच्या बुडालेल्या गावाचंच नाव आहे. गाव गेलं, थांबा राहिला. काठावर एक जांभळाचं झाड आहे. त्याच्याखाली जुन्या गावातले म्हातारे बसायचे, जाळी सांधायचे, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. बा त्यांच्यात असायचा.

मग बाला लकवा मारला. उजवा हात लोंबायला लागला, उजवा पाय फरफटायला लागला आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं असतं तर माणसं समजून तरी घेतात. त्याचा एक शब्द मागं राहिला, "चाल." भूक लागली तरी चाल, पाणी पाहिजे तरी चाल, राग आला तरी चाल. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, आणि बाहेर पडायचं ते हेच, जड जिभेवरून ओढून आणलेलं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस दारू प्यायल्यासारखा बोलायला लागला.

सायकल सुटली. बसनं जायचं तर कंडक्टर विचारणार, कुठं? आणि हा म्हणणार, चाल. सुरुवातीला माय सोबत जायची. पण तिचे गुडघे दुखायचे, वर धानाच्या रोवणीचे दिवस आले की दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकून चिखलात राबायचं. ती किती दिवस त्याला आणणार-नेणार? बा घरी बसला. भिंतीकडं तोंड करून बसायचा. ताटातला भात चिवडून सरकवून द्यायचा. मी भंडाऱ्याहून दर रविवारी जायची आणि दर रविवारी तो आणखी थोडा वाळलेला दिसायचा. डॉक्टर म्हणाले होते की याला चालतं ठेवा, चार माणसांत ठेवा. चार माणसं जांभळाखाली होती आणि मध्ये तो रस्ता होता. याला एकट्याला पाण्यापर्यंत कसं पोचवायचं, एवढाच प्रश्न होता. दुसरं त्याला आयुष्याकडून काही नको होतं, आणि मी तर बाकीचं मागणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवते. त्या वर्षी आमच्या शाळेतल्या, खेड्यांतून येणाऱ्या पोरी बसचं नवं कार्ड दाखवायला लागल्या. एकदा त्यांच्या बसमध्ये मी होते. पोरगी चढली, कंडक्टरच्या हातातल्या मशीनला तिनं कार्ड टेकवलं, टिक् असं वाजलं, हिरवा दिवा लागला आणि मशीनवर तिच्या थांब्याचं नाव आलं. कंडक्टर पुढं सरकला. पोरगी मैत्रिणीशी बोलत होती, तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात टपकन बा आला. तोंड उघडायला नको, सुट्टे काढायला नको, कोणाला काही सांगायला नको.

मी हात धुऊन मागं लागले. बाला भंडाऱ्याला आणलं, फोटो काढला, अंगठा लावला, नवं गाव ते फाटा एवढ्या रस्त्याचा महिन्याचा पास त्या कार्डावर भरून घेतला. दर महिन्याला ते पुन्हा भरायचं, ते काम मी माझ्याकडं ठेवलं. कार्डाच्या मागं मार्करनं माझा मोबाइल नंबर लिहिला. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, पण मुद्दाम मागच्या सीटवर बसले. बानं डाव्या हातानं कार्ड टेकवलं. टिक्. हिरवा दिवा. कंडक्टरनं मशीनवरचं नाव वाचलं, आमच्या बुडालेल्या गावाचं, आणि म्हणाला, बसा बाबा, उतरवून देतो. बानं वळून माझ्याकडं पाहिलं. लकव्यानंतर पहिल्यांदा त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी हसल्यासारखं वाटलं मला. खरं तर एकाच बाजूनं हसलं असणार. मला रडू आलं आणि मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत बसले.

ते दिवस चांगले गेले. चांगले दिवस म्हणजे काय, तर बा भात मागून घ्यायला लागला. जांभळाखाली त्याला जाळं मिळालं. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचं आणि डाव्या हातानं सांधायचं, हे त्यानं आपलं आपण शोधून काढलं. संध्याकाळच्या बसनं परत यायचा तेव्हा कोणी दिलेले झिंगे, एखादी मरळ पिशवीत असायची. माय फोन त्याच्या कानाला लावायची आणि तिकडून यायचं, "चाल." त्या चालमध्ये काय काय आहे हे मला कळायला लागलं होतं. शाळेत माझा आरडाओरडा कमी झाला, असं माझ्याबरोबरच्या बाई म्हणाल्या. झाला असेल.

एका संध्याकाळी मायचा फोन आला. हसत होती. बा पाण्यात उतरला होता आणि सदऱ्याच्या खिशातून कार्ड गाळात पडलं. जांभळाखालच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी गुडघाभर पाण्यात वाकून ते हुडकून काढलं. घरी आल्या आल्या बानं दाभण मागितलं. म्हणजे दाभणाकडं बोट दाखवून चाल म्हणाला. चुलीत तापवलं, कार्ड दोन पायांत दाबून धरलं आणि डाव्या हातानं कोपऱ्यात भोक पाडलं. निळी दोरी ओवली, दातानं गाठ मारली आणि करदोड्याला बांधून टाकलं.

"आता ते खरं त्याचं झालं," माय म्हणाली.

मीही हसले. मला बरंच वाटलं होतं. बा पुन्हा वस्तूंना भोकं पाडायला लागला होता, म्हणजे बा पुन्हा बा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पवनीचा बाजार. बस भरलेली, कंडक्टर नवा. पुढचं मला त्या कंडक्टरनंच सांगितलं. त्यानं काही लपवलं नाही, म्हणून मी त्याला दोष देत नाही. बा चढला, कमरेचं कार्ड दोरीसकट ओढून मशीनला लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. तांबडा दिवा. पुसून लावलं. तांबडा दिवा. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं बाबा? बा म्हणाला, चाल. मागं कोणी तरी हसलं. पुन्हा विचारलं, पुन्हा चाल. एक जण म्हणाला, सकाळीच टाकून आलेला दिसते. कंडक्टर मला म्हणाला, ताई, खोटं कशाला सांगू, मलेबी तसंच वाटलं.

बानं हात करून नदीची दिशा दाखवली. नदीच्या दिशेला पवनी आहे. एका भल्या माणसाला कीव आली, त्यानं बाच्या नावानं पवनीचं तिकीट काढलं आणि बाच्या मुठीत कोंबलं. बानं कार्ड पुन्हा धोतरात खोचलं. फाटा आला तेव्हा तिथं उतरणारं दुसरं कोणी नव्हतं, बस थांबली नाही. बा उठला, दरवाज्याकडं निघाला, चाल चाल करत दांडा वाजवायला लागला. पडेल म्हणून दोघांनी त्याला धरून खाली बसवलं. खिडकीतून पायवाट गेली असेल, जांभूळ गेलं असेल. त्यानं ते पाहिलं असणार. मी हे कोणाला सांगताना इथवर आले की माझा आवाज चढतो, आणि मग ऐकणारा म्हणतो, तुम्ही चिडू नका. अरे, चिडू नको तर काय करू?

पवनीला उतरवताना त्या कंडक्टरला कार्डावरचा नंबर दिसला आणि त्यानं फोन केला. मी वर्ग तसाच टाकून निघाले. वाटेत मायला फोन केला, तर ती म्हणाली, "तो बसला असन जांभळाखाली, तू काहून जीव जाळून राहिली?" मी तिला काही सांगितलं नाही.

बा स्टँडवरच्या बाकावर बसला होता. ऊन त्याच्या पायांवर आलं होतं, पण तो हलला नव्हता. डाव्या मुठीत तिकीट तसंच होतं. आणि बाकावर त्याच्या शेजारी कोणी तरी चिल्लर ठेवून गेलं होतं. माझ्या बाच्या शेजारी. ज्यानं पुरात लोकांना डोंग्यात घालून काढलं आणि कोणाकडून विडीसुद्धा घेतली नाही, त्या माणसाला कोणी तरी भीक घातली होती. त्यानं ती उचलली नव्हती की ढकलली नव्हती. तो त्या चिल्लरकडं न बघता बसला होता, आणि मी समोर उभी राहिले तरी माझ्याकडं न बघता बसला. मी म्हटलं, बा, घरी जाऊ. तो चाल म्हणाला नाही.

दोन दिवसांनी मी कार्ड घेऊन भंडाऱ्याच्या स्टँडवरच्या पासच्या खिडकीवर गेले. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. पास भरलेला, महिना संपलेला नाही, मग तुमचं मशीन माझ्या बापाला ओळखत कसं नाही? खिडकीतल्या माणसानं ऐकून घेतलं. कार्ड हातात घेतलं, भोक पाहिलं आणि ते ट्यूबलाइटपुढं धरलं. म्हणाला, कार्डाच्या आत कडेकडेनं बारीक तारेचं वेटोळं असतं, मशीन त्याच्याशीच बोलतं. ही बघा, इथं तार तुटली. मी म्हटलं, भोक पाडू नका असं कुठं लिहिलंय? तो म्हणाला, पाकिटावर लिहिलंय. लिहिलं होतं. पाकीट माझ्याच कपाटात होतं, बारीक अक्षरांत, वाकवू नका, कापू नका, छिद्र पाडू नका. बाला अक्षर येत नाही, आणि आलं असतं तरी त्यानं ते मानलं नसतं. हरवू नये म्हणून बांधलं आणि बांधल्यामुळं गेलं. यात खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं? मी भांडायला गेले होते, आणि भांडायला समोर कोणीच नव्हतं. मी नव्या कार्डाचा अर्ज करून परत आले.

त्या रविवारी मी बाला जुनं कार्ड दाखवलं. खिडकीतल्या माणसासारखं उजेडापुढं धरलं, तार दाखवली, भोक दाखवलं. म्हटलं, या भोकानं मेलं हे, बा. तुझं काही चुकलं नाही, याला भोक चालत नाही एवढंच. त्यानं कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. त्याला कळलं. कळलं की त्याच्या कपाळाची एक शीर उठते, ती उठली.

नवं कार्ड यायला वेळ लागला. तेवढ्यात भात पुन्हा चिवडला जाऊ लागला, भिंत पुन्हा आली. जांभळाखालून एक जण त्याला भेटायला येऊन गेला आणि जाताना मायला म्हणाला, वहिनी, याले घेऊन या. पण कोण नेणार? तो मायबरोबरसुद्धा बसमध्ये चढेना.

कार्ड आलं तेव्हा मी त्याच्या मागं पुन्हा माझा नंबर लिहिला आणि बाजारातून गळ्यात घालायची पट्टी आणि प्लास्टिकचं पाकीट आणलं, ऑफिसातली माणसं घालतात तसं. भोक पाकिटाला, कार्ड आत सुखरूप. माझ्या अकलेवर मी खूश होते. त्याच्या गळ्यात घातलं, थांब्यावर नेलं. बस आली, दार उघडलं. कंडक्टर जुना, ओळखीचा, तो म्हणाला, या बाबा. बा उभा राहिला. पायरीकडं बघत उभा राहिला. बस किती थांबणार? घंटी झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी बस आली तेव्हा मी त्याचा हात धरून ओढला, आणि त्यानं माझा हात झटकला. लहानपणापासून बानं माझा हात कधी झटकला नव्हता.

घरी आल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले. इथं भिंतीपुढं मरायचं आहे का? तिकडं तुझी माणसं वाट बघून राहिली. मी भंडाऱ्याहून कायले येते, तुझ्यासाठीच न? एकदा झालं ते झालं, आता हिरवा दिवा लागते, मी सांगते न तुले, लागते. चिडले की मी पुरती गावची होते. माय चुलीत काड्या सारत होती.

बा ऐकत होता. माझं संपलं तेव्हा तो उठला, पाय ओढत फळीपाशी गेला आणि दाभण काढलं. मायनं माझ्याकडं पाहिलं. त्यानं दाभण चुलीत घातलं, तापू दिलं. गळ्यातलं पाकीट काढलं, त्यातून कार्ड बाहेर काढलं, जमिनीवर बसून दोन पायांत दाबून धरलं. मी म्हटलं, बा, नको. पायांची पकड सुटली नाही. दाभण प्लास्टिकमधून गेलं, जळका वास आला. त्यानं ते उजेडापुढं धरलं, मी धरलं होतं तसं, आणि तार कुठं तुटली ते नीट बघून घेतलं. मग आणखी एक भोक पाडलं, शेजारीच.

मला अजून वाटत होतं की तो दोरी मागेल. निळी दोरी खुंटीलाच होती, हात पोचेल इतक्या जवळ. त्यानं तिकडं पाहिलंही नाही. कार्ड माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

कार्ड माझ्याकडं आहे. त्याच्या मागचा माझा नंबर अजून वाचता येतो. महिन्याच्या शेवटी पास भरायचा निरोप मोबाइलवर येतो, मी तो पुसून टाकते. रविवारी मी पवनीवरून गावी जाते तेव्हा बस त्या फाट्यावरून जाते आणि कंडक्टर आमच्या गावाचं नाव पुकारतो. आता तिथं कधी कधी कोणीच उतरत नाही.